एका आळ्यात तीन रोपं

काकडीच्या आळ्यात बोटभर उंचीची तीन रोपं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि माझं डोकं फिरलंय. डोंगरावरच्या गारठ्यातही लवकर फळ धरणारं हे संकरित बी मी शेतकी कॉलेजातून आणलं. एकेकच लाव, असं आईला बजावलं होतं.

"जोमदार एक ठेव, बाकीची उपट. नाहीतर एकही फळ धड येणार नाही."

"एवढ्या थंडीतनं वर आलीत गं. कशी उपटू?"

"कमजोर आहेत ती, आई!"

"मास्तर तुलाही कच्चीच म्हणायचे."

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. दहावीनंतर वर्गातल्या किती मुली दिसेनाशा झाल्या. त्यांना कमजोर कोणी ठरवलं, कोण जाणे. पण काकडी तर यायलाच हवी. मी चिमटीत रोप धरून बसले आहे आणि आई माझ्या हाताकडे बघते आहे.