ओटीवरचं हळदीकुंकू

संक्रांतीला आमच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बाईनं तिळाचे लाडू आणून दिले. वासानं शांता आठवली. बायको माझी, जाऊन वरीस झालं.

पाम गावातल्या आमच्या वाडीत आमी खोल्या बांधून बोईसरच्या कारखान्यातल्या बिहारी कामगारांना भाड्यानं दिल्या. पहिल्याच संक्रांतीला शांतेनं त्यांच्या बायकांनाही हळदीकुंकवाला बोलावलं. नव्या साड्या नेसून त्या पायरीशी आल्या. मी गावच्या बायकांदेखत ओरडलो, "भाडेकरू ओटीवर नाय! अंगणात बसा."

"भाभी, हम यहीं ठीक हैं," त्यातली एक म्हणाली.

शांता तबक घेऊन खाली उतरली नि त्यांच्यात मातीतच बसली. उतरता उतरता मला म्हणाली, "सांभाळा तुमची ओटी."

माफी मागायला पुढं तीस वर्षं होती. मी मागितली नाय.