दाजी, अंदमान आणि दाराची कडी

अंदमानासारख्या बेटावर जाऊन, तिथला समुद्र, वाळू, वारा आणि चांदणे यांचा यथेच्छ उपभोग घेऊन, त्यापोटी कोणालाही फारसे काही न देता परत आलेला मनुष्य साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. लातुरात त्यांना चिक्कू म्हणणारे पुष्कळ आहेत. नांदेडच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून माझी हयात गेली. आरोप कानी पडला की आधी पुरावा मागायचा, ही सवय अंगात मुरली आहे. दाजींवरच्या ह्या आरोपाचा पुरावा आजवर एकानेही दिलेला नाही. जो तो किस्से सांगतो. किस्से माझ्याजवळ त्यांच्याहून अधिक आहेत, आणि ते सगळे बचावाच्या बाजूचे आहेत.

दाजी गणिताचे शिक्षक. औसा तालुक्यातल्या एका गावी शाळेत होते आणि तिथेच दगडमातीच्या एका खोलीत भाड्याने राहत. गणपती विसर्जनासाठी म्हणून ते लातूरला घरी आले, आणि विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर मिळेल त्या वाहनाने ते गावी पोचले, तेव्हा त्यांच्या खोलीच्या जागी दगडांचा ढीग होता. त्या दिवशी आणखी काय पाहिले ते दाजींनी कधी सांगितले नाही, आणि जन्मभर उलटतपासण्या ऐकत आलेल्या मीही ते कधी विचारले नाही. एवढे मात्र खरे, की त्या दिवसापासून दाजी दगडाच्या, विटेच्या किंवा सिमेंटच्या छताखाली झोपले नाहीत. त्या दिवसांत अवघे लातूर अंगणात झोपत असे. मग भीती ओसरली, थंडी वाढली आणि लोक एकेक करून आत गेले. दाजी गेले नाहीत. त्यांनी अंगणात चार खांबांवर पत्रे टाकले, दोन बाजा मांडल्या आणि तेच आपले शयनगृह ठरवले. भिंत अशी एकाच बाजूला, तीही शेजाऱ्याची.

ह्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. "शिरस्तेदारसाब," ते मला ह्याच नावाने हाक मारतात, "जे आधीच हलून राहिलंय, ते पडत न्हाई. पडतंय ते, जे गप उभं राहून आपली लई मजबुती दाखवतंय." ह्या सिद्धांतानुसार एसटी आणि रेल्वे ही जगातली सर्वांत सुरक्षित घरे. घरी रात्रभर कूस बदलणारे दाजी एसटीत बसले की वाहक तिकीट फाडेपर्यंत घोरू लागत. एकदा माझ्याकडे येताना ते नांदेडात उतरलेच नाहीत, थेट भोकरला जागे झाले. इकडे मी बसस्थानकावर उभा राहून, प्रवासी गहाळ केल्याबद्दल विभाग नियंत्रकांना धाडायच्या तक्रारीचा मसुदा मनात पुरा केला होता. संध्याकाळी दाजी ताजेतवाने होऊन हजर. म्हणाले, "झोप अशी लागली म्हणता! भोकर काय, किनवट आलं असतं तरी हरकत न्हवती."

पुढे लातुरात शिकवणी वर्गांचा सुकाळ झाला. गल्लोगल्ली क्लास निघाले, मजल्यावर मजले चढले, आणि चांगल्या गणिताच्या मास्तराला सोन्याचे मोल आले. एका क्लासचालकाने नवी तीन मजली इमारत बांधून दाजींना बोलावले. दाजींनी आत पाऊल न टाकता वाहनतळाच्या पत्र्याच्या शेडकडे बोट केले. "गाड्या उन्हात लावा, पोरं इथं बसवा." मी बरोबर होतो; क्लासचालक मागे वळून कोणाला तरी "मास्तर जरा वेडसर हाय" म्हणाला, ते मी ऐकले. त्याच दिवशी मी वर्तमानपत्राला सविस्तर पत्र लिहिले, आणि त्या नतद्रष्टांनी ते अर्धे कापून छापले! माझ्या पत्राने जे साधले नाही ते दाजींच्या गणिताने साधले. महिन्याभरात वरचे पंख्याचे वर्ग ओस पडले आणि खाली शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. 'पत्र्याखालचे सर' ही लातुरात पदवी होऊन बसली, आणि ती ऐकताना माझी मान आजही ताठ होते.

ह्या सगळ्यात अक्काचे काय, हे मात्र कोणी विचारत नव्हते. ती पहिल्या दिवसापासून दाजींच्या शेजारच्या बाजेवर झोपत आली. डोळे उघडले की समोर दूधवाला. पांघरूण सारावे तो गणित अडलेले विद्यार्थी "नमस्कार काकू" म्हणत उभे. एका भाऊबीजेला मी तिला विचारले, ओवाळणीत काय हवे? ती तबक खाली ठेवून हळूच म्हणाली, "नाना, मला एक कडी दे. दाराची. एकदा तरी ह्यांच्यासंग एका खोलीत, आतून कडी लावून झोपायचंय. आत मी एकटी झोपू शकते, पण मंग हे बाहेर एकटे पडतात." मी अनेक अर्जांना उत्तरे दिली आहेत. हा एक अर्ज मात्र मी तसाच प्रलंबित ठेवून नांदेडला परतलो.

अंदमानाची कल्पना खुद्द दाजींची. निवृत्तीनंतर ते एकदम म्हणाले, "बेट बघायचं हाय. चारी अंगांनी पाणी, पळायला कुठं जागा न्हाई, अन् तरी लोक सुखानं राहतात. कसं राहतात ते बघू." मी, माझी पत्नी, अक्का आणि दाजी अशा चौघांनी जायचे ठरले. मी एका प्रवासी कंपनीत चौकशी केली. तिथला टाय बांधलेला गृहस्थ तीन तारे, चार तारे असे हॉटेलांचे वर्णन करू लागला. दाजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "चारच कशाला? वर उघडं असलं तर सगळेच दिसतात की." तिथेच कंपनीचा आणि आमचा संबंध संपला.

मग दाजींच्या पद्धतीने प्रवास सुरू झाला. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, आणि पुढे सरकारी जहाजाचा सर्वांत खालचा वर्ग. ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घासलेटचा स्टोव्ह असा संसार बरोबर. (जहाजावर स्टोव्ह पेटवणे नियमबाह्य असल्याचे मी बजावले होते. दाजींनी तो पेटवला नाही, उशाला घेतला.) समुद्र खवळला आणि शेकडो प्रवासी आडवे झाले. मी त्यांत होतो, हे नमूद करतो. एकटे दाजी गाढ झोपले होते, कारण छत हलत होते. जहाजाचा डॉक्टर तपासत आमच्यापाशी आला, दाजींकडे पाहून थबकला आणि मोठ्याने ओरडला, "पत्र्याखालचे सर!" लातूरचा विद्यार्थी! त्याने आमची जी बडदास्त ठेवली ती चार ताऱ्यांत मिळाली नसती.

पोर्ट ब्लेअरला बायका धर्मशाळेच्या खोलीत आणि आम्ही दोघे व्हरांड्याबाहेर अंगणात. तिथले डास कोणत्याही कायद्याला जुमानत नाहीत. पुढे हॅवलॉक बेटावर जायला खाजगी बोटी सोडून दाजींनी सरकारी बोट धरली. रांगेतल्या गोंधळाबद्दल मी धक्क्यावरच्या तक्रारवहीत लिहीत होतो, तोवर ते चौघांची तिकिटे काढून मोकळे झाले. बेटावर टॅक्सीऐवजी गावची बस. जेवणाला स्टोव्हवरची भाकरी. वाटेत पडलेला नारळ दाजींनी उचलला, तेव्हा मी त्यांना थांबवले; परक्या झाडाच्या फळाचा अपहार हा गुन्हा आहे. दाजी म्हणाले, "मंग मालकाला विचारू." आणि नारळ घेऊन ते सरळ समोरच्या वाडीत शिरले.

तिथे बंगाली मालकीणबाई होत्या, वयाने आमच्याएवढ्याच. त्यांनी नारळ फोडून आमच्याच हातात दिला. वाडीत त्या पाहुण्यांना झोपड्या भाड्याने देत; बांबूच्या भिंती, पानांचे छप्पर आणि दाराला आतून लोखंडी कडी. अक्काने ती कडी पाहिली. एकदा सरकवली, एकदा काढली. दाजी लगेच म्हणाले, "खोली कशाला? वाळू फुकट हाय." अक्काने कडीवरून हात काढून घेतला.

मालकीणबाईंनी विचारले, "बाहर क्यों सोते हो, दादा?"

दाजी ज्याच्या त्याच्याशी आमच्याकडच्या दखनी हिंदीत बोलतात. "हमारे तरफ जमीन हिली थी, अम्मा. तब से."

"बस? इधर तो हिलती ही रहती है."

मी ताडकन उठलो. सरकारी माहितीपत्रकात ह्या गोष्टीचा साधा उल्लेखही नव्हता! पर्यटकांची ही उघड फसवणूक होती, आणि मी पिशवीतून कागद काढला. दाजींनी माझा हात धरला. "शिरस्तेदारसाब, कागद ठेवा. बाई खरं बोलून राहिली." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारले, आणि तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, "हिलती, फिर भी तुम अंदर सोते?"

"तो क्या समुंदर में सोएँ?" बाई हसून म्हणाल्या आणि चुलीकडे निघून गेल्या.

दाजी झोपडीपाशी गेले. एक खांब हातांनी धरून गदागदा हलवला. दुसरा हलवला. छपरातली पाने सळसळली. समुद्रावरून वारा आला तशी सगळी झोपडी जरा कलली आणि पुन्हा सरळ झाली. दाजी बराच वेळ वर बघत उभे होते.

"हे हलतंय," ते म्हणाले.

"मंग चला की आत," अक्का म्हणाली. "एसटी समजा!"

दाजींनी चपला काढल्या. ऐन दुपार होती. ते वाकून आत गेले, मागोमाग अक्का गेली, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. न्यायालयात मी पुष्कळ निकाल ऐकले, पण कोणत्याही निकालाच्या वेळी माझे डोळे असे भरून आले नव्हते. माझी पत्नी पदराने डोळे टिपत समुद्राकडे बघत राहिली.

उन्हे कलली तेव्हा मालकीणबाईंनी चहा आणला आणि दार वाजवले. आतून अक्काचा आवाज आला, लातूरच्या पाटलिणीलाही न साधणाऱ्या रुबाबाचा: "कोण हाय? कडी लावलेली हाय, दिसत न्हाई का?"

दिवेलागणीला दाजी बाहेर आले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खोलीचं भाडं पुऱ्या दिवसाचं असतंय. मंग पुरी वापरायला नको?" आणि मुक्काम संपेपर्यंत त्यांनी ती पुरेपूर वापरली.

परतल्यावर दाजींनी अंगणात बांबूची खोली बांधली. बांबू किनवटकडचा, त्याच्या वाहतुकीचा परवाना मी स्वतः खेटे घालून मिळवला, आणि तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्या कारकुनाला माझी पत्रे अजून आठवत असतील. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी अक्काच्या तबकात एक लोखंडी कडी ठेवली. अंदमानात सुनामी आली तेव्हा दाजी दोन दिवस जेवले नाहीत. मालकीणबाईंची खुशाली जहाजावरच्या त्या डॉक्टरामार्फत कळली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. तरीही लोक म्हणाले, बांबूची खोली स्वस्तात पडते म्हणून बांधली, चिक्कूच तो. म्हणोत! माझी शाई अजून संपलेली नाही.

मागच्या महिन्यात लातूरला गेलो. गल्लीच्या दोन्ही अंगांना विद्यार्थ्यांची वसतिगृहे उंच चढली आहेत, आणि त्यांच्या मधोमध दाजींची खोली ठेंगणीची ठेंगणी उभी आहे. बस दोन तास उशिरा आल्यामुळे मी तापलेला होतो, आणि ते सगळे दाजींना ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. दुपार होती. दार बंद होते. बंद दारे ठोठावण्यात माझा जन्म गेला आहे. हात वर गेलाही. आत दोघे झोपले होते. अक्काला हल्ली गुडघ्यांमुळे उठून कडी काढायला फार वेळ लागतो.

वारा आला आणि खोली किंचित कलली. आत दाजींचे घोरणे चालूच होते. मी आवाज न करता चपला काढल्या आणि अंगणातल्या जुन्या पत्र्याखाली, रिकाम्या बाजेवर बसून राहिलो.