अकरा घरांचं पाणी

नळाला पाणी येण्याआधी तीन-चार मिनिटं नुसती हवा येते. पाइपात कुणी घसा खाकरावा तसा आवाज होतो, तोटी थरथरते आणि मग गढूळ पाणी थुंकत थुंकत यायला लागतं. मी घरी असलो आणि तो आवाज आला, की हातातलं काम टाकून फाटकाशी जातो. तिथं कुणी नसतं हे मला ठाऊक असतं. पहिल्या काही वेळा बायकोनं विचारलं, "कुणी आलंय का?" आता विचारत नाही. कधीकधी तीही ओट्यापाशी हात थांबवून कान देते, हे मी पाहिलं आहे.

पैठण रोडच्या अलीकडं आमची गल्ली आहे. अकरा घरं. मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजणं हे माझं काम आहे आणि पंचवीस वर्षांत ती सवयही झाली आहे. घरी पाण्याची एक वही आहे. पाणी कोणत्या तारखेला सुटलं, किती वाजता, किती वेळ चाललं, हौद किती इंच भरला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आमच्याकडं पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी सातव्या, उन्हाळ्यात नवव्या. वेळ दुपारची, दोन ते पाचच्या मधे केव्हाही. त्या वेळी हौदात पाइप सोडायला, भरला की काढायला, मोटार लावायला घरात माणूस लागतो. नसला तर पुढचे सात दिवस टँकरवाल्याच्या विनवण्या. पूर्वी प्रत्येक घरातलं कुणीतरी पाण्याच्या दिवशी अर्धी रजा टाकायचं. वहीप्रमाणं एका वर्षात माझ्या अशा अर्ध्या रजा चौदा झाल्या होत्या.

त्या रजा मामांनी बंद केल्या.

मामा म्हणजे गल्लीच्या टोकाला, बंद असलेल्या कोपऱ्यातल्या घरामागच्या खोलीत राहणारे म्हातारे. घरमालक पुण्यात. मामांचं लहानपण वैजापूरकडं मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं, पुढं एमआयडीसीत वॉचमनकी, बायको वारलेली, एकुलती मुलगी वैजापुरात दिलेली. एकदा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू दवाखान्यात अडकल्या आणि पाणी सुटलं. मामांनी भिंतीवरून हात घालून कडी काढली आणि त्यांचा हौद भरून ठेवला. काकूंनी पुढच्या वेळेला फाटकाची चावीच त्यांच्याकडं दिली. मग समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षकांनी, म्हणजे सरांनी दिली, मग आम्ही. वर्षभरात अकराही घरांच्या चाव्या मामांकडं गेल्या. हातानं कातलेल्या काळ्या लोकरीच्या दोऱ्यात त्या ओवलेल्या असायच्या.

दुपारी हवेचा आवाज आला की मामा निघायचे. ज्या घरात माणूस असेल तिथं फाटकावर काठीनं दोनदा ठोकायचे, "पानी आलंय वो!" जिथं कुणी नसेल तिथं कुलूप काढून आत. त्यांचा एक क्रम ठरलेला होता. आधी ज्या घरात आजारी माणूस ते घर, मग बाळंतीण असलेलं, मग बाकीची. हौदावर झाकण, झाकणावर दगड, मोटार बंद. दोरीवरचे कपडे वाळले असले तर घडी करून खुर्चीवर. काकूंनी चावी दिल्यानंतर दुपारचा शिवणक्लास सुरू केला. आज त्यांच्याकडं सहा मशिनी आहेत. सरांची सून नोकरीला लागली. हे सगळं त्या दोऱ्यावर चाललं होतं, असं आज म्हणता येतं. मामा मोबदल्यात काही घेत नसत. एकदा मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "सायब, मेंढरं पाजायला कुनी मजुरी घेतंय का?"

"म्हणजे आम्ही मेंढरं का मामा?"

"नाय तर काय! पानी दिसलं की तशीच वरडता समदी."

मेंढरं पाजून झाल्याशिवाय मेंढक्यानं पाण्याला तोंड लावायचं नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. तीही त्यांनीच सांगितली होती. मी ऐकली आणि सोडून दिली.

नऊ वर्षं असं चाललं. मग एका दुपारी सरांच्या अंगणात मामा शेवाळावरून घसरले. लागलं फारसं नाही, पण सर म्हणाले, "या वयात आपण त्यांना राबवतोय. उद्या काही झालं म्हणजे?" मलाही ते पटलं. मी रविवारभर बसून आराखडा केला. प्रत्येक हौदाला बॉलकॉक, म्हणजे भरला की पाणी आपोआप थांबणार. मोटारीला सेन्सर. पाणी सोडणाऱ्या लाइनमनला घेऊन मोबाइलवर गल्लीचा ग्रुप. कुणी घरी थांबायची गरज नाही, कुणाच्या चावीची गरज नाही. आराखडा चोख होता. महिनाभरात सगळीकडं बसवून झालं आणि एकही हौद वाहून गेला नाही.

आम्ही मामांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या. मी दोन शब्द बोललो. अकरा घरं, एका वेळी घराला सरासरी दोन हजार लिटर, वर्षाच्या पंचावन्न पाळ्या, नऊ वर्षं. मामांच्या हातून एक कोटी नऊ लाख लिटर पाणी आपल्या घरांत आलं, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मामा शाल सावरत म्हणाले, "आयला, एवढं व्हय!"

कार्यक्रमानंतर चाव्या घ्यायला मीच त्यांच्या खोलीवर गेलो.

"म्हंजी आता पानी आपलंच आत जानार, आन् आपलंच थांबनार?"

"हो मामा."

"मंग मानसानं काय करायचं?"

"काही नाही. आराम करायचा. बसायचं."

"बसून बसून पाय धरतेत सायब," ते हसले. मग दोऱ्याची गाठ सोडून एकेक चावी माझ्या तळहातावर ठेवत गेले. "ही काकूची. ही सरांची, जरा उजवीकडं दाबून फिरवावी लागती. ही ब्यांकवाल्या ताईची..." शेवटची हातात राहिली ती आमची. ती त्यांनी दिली नाही.

"तुमची तरी ऱ्हाऊ द्या. कधी बिघाड झाला त..."

"मामा, एकाची ठेवली तर बाकीचे विचारतील. सगळ्यांना सारखा नियम."

"व्हय व्हय. बरुबर हाय."

त्यांनी चावी दिली आणि रिकामा दोरा खिशात घातला. मी अकरा चाव्या मोजून घेतल्या.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी मामांना रस्त्यावर दोनदा पाहिलं, हे मला नक्की आठवतं. सकाळी आठला मी गाडीवरून कामाला निघतो. मोठ्या रस्त्यापलीकडं एक मंदिर आहे, तिथं बोअरचा नळ आहे. मामा दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन धरून दुभाजकाच्या फटीत उभे होते, गाड्या थांबायची वाट बघत. देवळातल्या झाडांना पाणी घालायचं नवं काम त्यांनी लावून घेतलं असावं, असं मला वाटलं. कॅन भरलेले होते आणि मामा मंदिराकडून गल्लीकडं येत होते, हे मी पाहिलं आणि तरी मला तसंच वाटलं. मी हात केला. त्यांचे हात गुंतलेले होते, त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या महिन्यात ते त्या दुभाजकापाशी पडले. रस्त्यावरच्या लोकांनी दवाखान्यात नेलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगी येऊन त्यांना वैजापूरला घेऊन गेली. आम्हाला कळलं ते चौथ्या दिवशी, तिचा फोन आला तेव्हा. खोलीतले कपडे आणि औषधं पाठवाल का, असं तिनं विचारलं होतं. किल्ली उंबऱ्याजवळच्या कुंडीखाली होती. काकू, सर आणि मी गेलो.

खोली झाडलेली होती. शाल खुंटीला. कोपऱ्यात एक पिंप, दोन हंडे. पिंप कोरडं ठणठणीत, तळाला पांढरी रेघ. एका हंड्यात बोटभर पाणी आणि त्यावर ताटली झाकलेली. खोलीत नळ नव्हता. मी भिंतीभिंतीनं पाहिलं. मागं गेलो, घरमालकाचा नळ कधीचा तोडलेला, पाइपाला लाकडाची खुंटी ठोकलेली.

"मामा पाणी तुमच्याकडंच भरायचे ना सर?" काकू म्हणाल्या.

"आमच्याकडं? नाही बुवा. मला वाटलं तुमच्याकडं. तुम्ही शेजारी."

"माझ्याकडं कधीच नाही. मी म्हणायची, ह्या साहेबांकडं भरत असतील."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. संध्याकाळी मी बाकीच्या सगळ्या घरी जाऊन विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याकडं. शेवटी बँकेत नोकरी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "एकदा मी घरी होते तेव्हा पाहिलं होतं. सगळ्यांचं झालं की जिथं शेवटी असतील तिथल्या नळाखाली हंडा लावायचे. नळाला करंगळीएवढी धार राहिलेली असायची. मी म्हटलं, मामा, आधी भरून घ्या की. तर हसले नुसते." दर वेळी शेवटचं घर वेगळं असायचं, म्हणून कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि आम्ही फाटकं बंद केली तेव्हा ती शेवटची धारही आत राहिली.

 रात्री मी आराखड्याची वही काढली. घरांच्या रकान्यात "११" लिहिलेलं होतं. दिव्याजवळ धरून पाहिलं तर दुसरा आकडा गिरवलेला दिसला. आधी दोन होता, त्याचा एक केलेला. म्हणजे मी आधी "१२" लिहिलं होतं. ते का खोडलं, मला आठवत नाही. नळ मोजले तेव्हा अकरा भरले म्हणून दुरुस्ती केली असेल. बारावं म्हणून दुसरं काही मनात असेल. किंवा मामांची खोली धरली असेल आणि तिला हौद नाही, बॉलकॉक नाही, मग हिशोबात कशाला, असं म्हणून काढली असेल. अक्षर माझंच आहे. मी पुष्कळदा ती वही उघडून बसलो. आकडा काही सांगत नाही.

पुढच्या रविवारी वैजापूरला गेलो. मार्केट यार्डाच्या मागं मुलीचं घर. कांद्याचा वास अंगणापर्यंत येत होता. मामा खाटेवर होते, पायाला वजन लावलेलं. मला पाहून उठायला गेले.

"पडा मामा, पडा."

"पानी आलं का तिकडं?"

"परवा आलं. दोन वाजून वीस मिनिटांनी."

"हौद?"

"भरले सगळे."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी विचारलं, "मामा, एक शब्द का नाही बोललात? खोलीत नळ नाही म्हणून?"

 "तुमी हिशोबाचं मानूस. समदं मोजून केलं. मला वाटलं, इचार करूनच मला काढलं असंल. मंग मागायचं कसं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दोन महिने ते रोज दहा-दहा लिटर पाणी रस्ता ओलांडून आणत होते, आणि आम्ही हे ठरवून केलं असं समजत होते. शाल देऊन. मी इतक्या लांब एवढ्याचसाठी आलो होतो, की त्यांनी तसं समजून राहू नये.

"नाही मामा," मी म्हणालो. "मुद्दाम नाही काढलं. आम्ही विसरलो. मी विसरलो."

"इसरला?"

"हो. तुम्ही लक्षातच आला नाहीत."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझा हात धरला आणि दोनदा थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा. "बरं बरं," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आता."

मी त्यांना सांगितलं की बरे होऊन या, काकूंच्या नळावरून खोलीत पाइप घेतोय. तो आम्ही खरंच घेतला. त्या नळाच्या फिरकीवर दुकानातला किमतीचा कागद अजून तसाच चिकटलेला आहे.

माझ्या भेटीनंतर सतराव्या दिवशी मामा गेले.

तेराव्याला मी एकटाच गेलो. पंगती उठल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"दादा, तुम्ही आलात ना त्या दिवशी, आबा लई खूश होते."

"खूश?"

"व्हय. तुमची पाठ फिरली आन् मला हाक मारली. म्हनले, अगं, सायब माझ्यापायी खोटं बोलले. येवढा हिशोबाचा मानूस, आकडा इकडचा तिकडं होऊ देनार नाय, आन् मला वाईट वाटू नये म्हून म्हनला, इसरलो. आल्यागेल्याला सांगत होते. शेजारच्या मावशीला तर दोनदा सांगितलं. माझ्यासाठी सायब खोटं बोलला म्हनून."

तिनं पदरानं डोळे टिपले.

"कुनी कुनासाठी येवढं करतंय का दादा? बसा, चहा आनते."

ते खोटं नव्हतं, एवढं तिला सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ती "शपथ?" म्हणाली असती, तर वहीतला तो गिरवलेला आकडा आठवून मला घेता आली नसती. मी म्हणालो, "आणा. अर्धा कप."