लंडनहून नऊ तास

बाबा बोटीवर नोकरीला होते. त्या वर्षी ते पहिल्यांदाच लंडनहून विमानाने येणार होते. मी आणि आईने नकाशावर दोरा धरून मुंबईपर्यंतचं अंतर मोजलं. सात हजार किलोमीटर भरलं. "दोन दिवस तरी हवेत बसायचं," आई काळजीने म्हणाली.

रत्नागिरी स्टँडवर बाबा कंबर धरून एसटीतून उतरले.

"विमानात फार हाल झाले का हो?" आईने विचारलं.

"विमानाला नऊच तास लागले. मुंबईहून इथे यायला अकरा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. मग बाबा, मग मी. हसून हसून आम्ही तिथल्या बाकावर बसलो. टपावर हमाल ट्रंक हातात धरून तसाच उभा होता. "उतरवू की नको?" त्याने विचारलं, तसं आईला पुन्हा हसू फुटलं.