मिनिटाला छत्तीस

त्या काळी आमच्या गल्लीत लहानथोर धरून एकशे चौदा माणसं राहत होती आणि त्यांपैकी एकशे नऊ जणांचे हात माझ्या धाकट्या मेव्हणीने धरले होते. उरलेल्या पाचांत दोन तान्ही बाळं होती, एक पेन्शनर होते जे तिला येताना पाहून हात शालीत दडवत, आणि दोघे भाऊ कामठीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करत, म्हणून दिवसा दार लावून झोपलेले असत. लग्न न झालेल्या मुलीने एवढे हात धरावेत आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढू नये, हे नागपुरात एकदाच घडलं असेल. कारण सरळ होतं. हात धरला की ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे, घड्याळात बघत असे.

ती उमरेडची. माझे सासरे हातमागावर लुगडी विणत. घरात दोन माग आणि दोन मुली. थोरली माझ्याकडे आली तेव्हा दुसरा माग अर्धा मुका झाला, आणि धाकटी नर्सिंगच्या शिक्षणाला नागपूरला आली तेव्हा तो पुरताच बंद पडला. तीन वर्षं ती होस्टेलवर राहिली, लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली आणि शेवटच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. होस्टेल सोडावं लागलं, म्हणून पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. पाठोपाठ सासरे आले. बोलणारा माणूस नव्हे, पाणी पिऊन, पेला खाली ठेवून एवढंच म्हणाले, "एक वर्ष देतो. पास हो अन् नोकरीले लाग. नाई तं मुकाट्यानं घरी ये अन् मागावर बस. माह्याच्यानं आता एकट्यानं होत नाई."

"लागन," ती म्हणाली. दोघांचं बोलणं तिथेच संपलं.

त्या दिवसापासून आमचं दोन खोल्यांचं घर म्हणजे वॉर्ड झाला. खाटेच्या चारही पायांना बँडेज, पाण्याच्या माठाच्या गळ्याला बँडेज, माझ्या छत्रीची मोडकी काडी तर तिने अशी बांधली की ती काडी अजून शाबूत आहे, छत्री गेली. बिछाना घालायची तर चादर इतकी ताणून खोचायची, की रविवारी दुपारी मी आडवा व्हायला गेलो तर पाय आत शिरेनात. मी तक्रार केली.

"भाऊजी, चादरीले सुरकुती राहिली का पेशंटच्या पाठीले जखम होते."

"अगं, पण मी पेशंट नाही."

"आज नाई," ती शांतपणे म्हणाली.

रोग्याला खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं याचा सराव ती माझ्यावरच करी. माझं वजन तेव्हा अडुसष्ट किलो, तिचं एक्केचाळीस. माझ्या काखेखाली हात घालून, गुडघे वाकवून ती मला असं उचलून बसवायची की मला आपण नुकतेच जन्मलो आहोत असं वाटे. बायको स्वयंपाकघरातून विचारी, "पाडलं का वं त्याइले?" त्या स्वरात काळजी कमी आणि उत्सुकता जास्त असे.

पण तिचा खरा छंद श्वास मोजण्याचा. त्यात एक गंमत आहे, ती मला तिच्यामुळे कळली. माणसाला आपले श्वास कोणी मोजतंय हे कळलं की तो वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नर्स आधी नाडी मोजते आणि मग हात तसाच धरून, अजून नाडीच मोजतो आहोत असं दाखवत, छातीकडे नजर ठेवून श्वास मोजते. आणि नेमकी इथेच ती नापास झाली होती. प्रात्यक्षिकाला तिला हर्नियाच्या ऑपरेशनातून उठलेले एक धडधाकट गृहस्थ मिळाले होते, वर्तमानपत्र वाचत बसलेले. हिने मोजले तर श्वास मिनिटाला छत्तीस. निरोगी माणसाचे सोळा ते वीस असतात हे पाठ असल्यामुळे तिची गाळण उडाली. त्यांच्या पाठीशी तीन उशा लावल्या, खिडक्या उघडल्या आणि ऑक्सिजनचा सिलिंडर मागवला. गृहस्थ इतके घाबरले की त्यांना खरोखरच धाप लागली. परीक्षकबाईंनी सिलिंडर परत पाठवला आणि मेव्हणीला नापास केलं.

पाण्याच्या मीटरचे आकडे तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. चुकलेला आकडा दिसला की मला जेवण जात नाही. बायको तांदूळ निवडत बसली असताना आम्ही दोघांनी तिचे श्वास एकाच मिनिटात मोजले. माझ्या मोजणीत भरले अठरा, मेव्हणीच्या छत्तीस. शेजारच्या काकूंचे माझे सोळा, तिचे बत्तीस. हात चुकतो तेव्हा आकडा वेडावाकडा येतो. हा दर वेळी बरोबर दुप्पट येत होता. म्हणजे पद्धतच चुकत होती. मी म्हटलं, मोठ्याने मोज. काकूंची छाती वर गेली तेव्हा ती म्हणाली "एक", खाली आली तेव्हा म्हणाली "दोन". बायकोने सूप खाली ठेवलं आणि हसत सुटली.

"अवो, हे पोरगी धोटे मोजून राहिली!"

मागावरचा धोटा डावीकडून उजवीकडे गेला की एक आणि परत आला की दोन, कारण जाताना एक धागा पडतो आणि येताना दुसरा. या मुलीने अंक गिरवले ते पाटीवर नव्हे, बापाच्या मागाशेजारी बसून. आणि तीन वर्षांत तिचं मोजणं कोणी पडताळलंच नव्हतं. वॉर्डात ताप आणि नाडी खरी लिहायची, श्वासाच्या रकान्यात सरसकट वीस टाकायचे, असा रिवाज पडून गेलेला.

"पण भाऊजी, दोनदा हालते ना थे छाती?"

"श्वासाचं कापड होत नाही," मी म्हटलं. "गेला आणि आला मिळून एक."

तिने काकूंचा हात सोडला. मग म्हणाली, "म्हंजे थो बुवा चांगला होता?"

"ठणठणीत."

"अन् म्या त्याले तीन उशा देल्या!" असं म्हणून ती जी हसली, तशी हसलेली मी तिला पूर्वी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या हातांची पाळी आली. पाच महिने ती मोजत होती आणि मी पडताळत होतो. शेवटच्या महिन्यात तिची एकही चूक निघाली नाही. माझ्या निघाल्या, तीन.

पुन्हा प्रात्यक्षिक आलं. मी डबा घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसलो होतो, त्यामुळे आतलं तिच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. परीक्षकबाई त्याच. रोगी एक म्हातारे, डोळे मिटून पडलेले. आधीच्या मुलीने त्यांच्या तक्त्यावर श्वास वीस लिहून ठेवलेले. हिने मोजले, तर भरले छत्तीस. पुन्हा मोजले, छत्तीसच. त्याचे निम्मे करून अठरा लिहिले असते तर पुढचं सारं सोपं होतं. वर्षातले सहा महिने संपले होते आणि उमरेडला माग वाट पाहत होता. तिने छत्तीस लिहिले.

परीक्षकबाईंनी चष्मा वर केला. "तू तीच ना, सिलिंडरवाली? पुन्हा दुप्पट?"

"नाही मॅडम. तेव्हा दुप्पट होते. आज एकेकच मोजलेत. तुम्ही मोजून बघा." आणि बाईंनी घड्याळ पुढे धरल्यावर ही म्हणते, "अर्धं मिनिट नको मॅडम, पूर्ण मोजा."

बाईंनी पूर्ण मिनिट मोजलं. अडतीस भरले. त्यांनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि तिला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? उशा लाव." दोन श्वासांचा फरक कुठून आला, हे मला अजून उलगडलेलं नाही. ती म्हणते, बाईच चुकल्या.

पास झाली, नोंदणीचा कागदही आला; नोकरी मात्र येईना. फाईल काखेत मारून ती रोज निघे. सीताबर्डीतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "एवढीशी तू, पेशंट उचलणार कशी?" हिने त्यांना खुर्चीतून उचलून तपासणीच्या टेबलावर बसवलं. डॉक्टर मनापासून हसले, चहा पाजला आणि नोकरी दुसरीला दिली. दुसऱ्या एका ठिकाणी तिला महिनाभर पारखायला ठेवलं, तर चौथ्या दिवशी ही घरी.

"काहून आली वं?" बायकोने विचारलं.

"बाई, थे म्हणतात श्वासाच्या घरात वीस लिहीत जा, टाइम नको घालवू. मोजल्याशिवाय लिहू कशी?"

वर्षाचे नऊ आठवडे उरले होते, ते मी तिला मोजून दाखवले. म्हटलं, लिहावेत वीस, नोकरी टिकवावी. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी मीटर न पाहता आकडा लिहान का, भाऊजी?" मी चपला घालून बाहेर पडलो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

नऊपैकी सहा आठवडे गेल्यावर काटोलच्या सरकारी दवाखान्याची ऑर्डर आली. सासऱ्यांना पत्र टाकलं. ते तिच्या निघण्याच्या दिवशीच सकाळी आले, काखेत कागदात बांधलेलं पुडकं. आत दोन पांढरी लुगडी. नर्सला पांढरं नेसावं लागतं हे त्यांनी कोणाकडून तरी विचारून घेतलं होतं. जन्मभर काठापदराची लुगडी विणलेल्या माणसाला पोटच्या पोरीसाठी बिनकाठाचं पांढरं विणवलं नव्हतं. निऱ्यांत खोचलं जाईल अशा कडेला त्यांनी एकच लाल धागा सोडला होता.

"दिसन का थो?" त्यांनी विचारलं.

"दिसला तं दिसला," ती म्हणाली आणि त्यातलंच एक नेसून निघाली.

बस सुटली. सासरे हात न हलवता उभे राहिले. गाडी वळल्यावर म्हणाले, "पोरगी बोलली तशी लागली नोकरीले." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "जवाईबापू, आता थो माग इकावाच लागन."

मी हिशेबी माणूस. एखादा तरी आकडा सांगून त्यांना धीर द्यावा असं फार वाटलं, पण सांगण्यासारखा आकडा सापडला नाही. रिक्षा करावी का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. आम्ही दोघं पायीच घरी आलो.