निळा कैलास

समोर काहीही पांढरं आलं, की चाचा एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे. मिठाची रास असो, बगळा असो, नाहीतर माझं परीटघडीचं धोतर. "ह्याला सफेद म्हनता तुमी?" असं म्हणून हसायचे, आणि धोतर आपलंच असूनही आपण ओशाळायचो. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. चाचा आगरदांड्याच्या धक्क्यावर होड्या रंगवत. तरुणपणी मात्र देवमाशांच्या तेलासाठी पार दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायला होते. तिथला बर्फ, म्हणायचे, निळा. जितका जुना, दबलेला, तितका गर्द. पाण्यात उलटलेल्या बर्फाच्या डोंगराचं पोट तर बाटलीसारखं हिरवं! आम्ही बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला, भुसा लागलेला. "चाचा, थोडं कमी करा," लोक म्हणायचे. मीही म्हणायचो, शाळेत भूगोल शिकवत होतो ना.

उत्सवातल्या नाटकाला कैलासाचा पडदा हवा होता. चाचा म्हणाले, "मजुरी नको. रंग मातर मी सांगन तोच." आठ दिवसांनी पडदा उलगडला. निळाशार कैलास, पायथा हिरवा.

"हा कैलास की मोर?" उत्सवाचे अध्यक्ष कडाडले. "मास्तर, पांढरा करून घ्या."

"चाचा, चुन्याचा एक हात मारा," मी म्हटलं.

"तुमी मारा. सतरा वर्सं गाव मला झूटा म्हनतंय. येक डाव त्याला बघू द्यायचा होता."

मी मारला. तेलरंगावर चुना! भूगोलाच्या मास्तराला एवढं कुठून कळणार?

नाटकात शंकरही मीच. इतकं उघडं बसायला दुसरा कुणी तयार नव्हता. गुंडाळलेला पडदा धाडकन सुटला आणि चुन्याचे पोपडे माझ्या जटांवर, पार्वतीच्या शालूवर कोसळले. पार्वती पुरुषी आवाजात शिंकली. मागे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, निळा डोंगर उघडा पडला.

कुणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. "बाय गो, केवरी थंडी!"

कुणीतरी मागे वळून विचारलं, "चाचा, असाच हाय तो?"

चाचा शेवटच्या ओळीत उभे होते. "ह्याच्याहून निळा," ते म्हणाले. "माज्याकडचा रंग कमी पडला."

एवढं बोलून ते बिडी ओढायला बाहेर गेले. त्यांच्यामागून चार जण उठले, मग दहा, मग अध्यक्षसुद्धा. तांडव मी रिकाम्या जाजमापुढे केलं.