ती ओळ मला येत होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

तय्यब सर माझे कोण होते? नात्यानं कुणीच नाही. मी पैठणकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, कॉलेजात मराठी शिकवणारा. ते उर्दूचे शायर, आणि त्याहून मोठे टीकाकार. तिशी उलटल्यावर मी त्यांच्याकडून उर्दू लिपी शिकलो. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या हातचा चहा पीत. हा माणूस किती मोठा होता, ते कसं सांगू? स्वतःच्या पहिल्या संग्रहावर त्यांनी मासिकात टीका लिहिली होती — स्वतःच्याच नावानं, आणि अशी कडक, की प्रकाशकानं वर्षभर अबोला धरला. कविता मात्र कागदावर करत नसत. महिनोन् महिने डोक्यात वागवायचे, आधी लोकांसमोर म्हणायचे, मगच लिहायचे. ते म्हणायला लागले की मी श्वास घ्यायचा विसरे — खरंच सांगतो.

चाची गेल्या. त्यानंतर त्यांनी एक नज्म केली, चाचींवर. घरी दोनदा मला ऐकवली. मला ती पाठ झाली. पाठ करावी लागलीच नाही.

त्याच सुमारास मी त्यांना माझी एक गझल दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. "बहर सही है बेटा, वृत्त बरोबर आहे. पर ये दुख तेरा नहीं है. कुठनं उसनं आणलंस?" समोर दोन माणसं बसलेली. ते खरं बोलले होते — आणि म्हणूनच ते मला गिळता आलं नाही.

मग त्यांचा सत्कार ठरला. संध्याकाळी, वाचनालयाच्या सभागृहात. रिक्षातच ते म्हणाले, "सामने बैठ. आता वय झालं. अडलो तर सांग."

मी पुढच्याच रांगेत बसलो. ते उभे राहिले, नज्म सुरू केली. सभागृह असं गप्प, की पंख्याचा आवाज नकोसा व्हावा. आणि मधेच — ते थांबले.

ओळ गेली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मागितल्यासारखं नाही — हात पुढं करावा आणि तो कुणी धरणारच आहे, असं. आणि मी? मी मान खाली घातली. ओळ माझ्या जिभेवर होती. चारचौघांत कसं वाटतं ते आता कळू दे, असं काहीसं मनात आलं. एवढं हलकं, एवढं नीच.

मग ते हसले. म्हणाले, "यहाँ एक मिसरा था. उसी का था, वही ले गई." आणि ती जागा रिकामी ठेवून त्यांनी नज्म पुढं पुरी केली. लोक रडत होते. मीही रडलो. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "तुलाही नाही आठवली ना?" मी म्हणालो, "नाही, सर."

नज्म त्यांनी तशीच लिहिली, मधे एक ओळ कोरी सोडून. त्यानंतर कुठल्याच व्यासपीठावर उभे राहिले नाहीत. आग्रह झाला तर म्हणायचे, "याददाश्त ने हाथ उठा लिए." त्या कोऱ्या ओळीची आज लोक वाहवा करतात. त्यांच्या शोकसभेत तिच्यावर मीही बोललो, टाळ्या घेतल्या.

सर गेले त्याला आता बरेच दिवस झाले. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी शहाना गारखेड्याला माझ्या घरी आली. सगळ्या कवितांचं एक पुस्तक करतेय. म्हणाली, "भैया, अब्बा तुम्हाला घरी ऐकवायचे. ती ओळ काय होती हो? अम्मी त्यात काय म्हणायची?" तिच्या आईचा आवाज त्या नज्मेत तेवढ्या एकाच ओळीत होता. मी डोळे मिटून आठवल्यासारखं केलं. नाही म्हणालो. ती चहा पिऊन गेली.

ती ओळ मला तेव्हाही येत होती, आताही येते. सर घरातून निघाले की चाची जिन्यावरून त्यांना हाक मारायच्या, तीच ती:

वो कहती थी कि चश्मा भूल आए हो, ठहर जाओ.